कृपेनंतरचा सोमवार

वाचन : रोमकरांस पत्र, अध्याय ६, योहानकृत शुभवर्तमान, अध्याय ४, वचने १ ते ४२

पौलाला लोकांनी एक पेचाचा प्रश्न घातला होता, आणि तो प्रश्न मुळीच पोरकट नव्हता. पाप जिथे वाढलं तिथे कृपा त्याहून अधिक वाढली, असं पौल शिकवत होता. मग पाप करत राहायला हरकत ती काय? पाप जितकं मोठं तितकी क्षमा मोठी, आणि त्यात देवाचाच मोठेपणा दिसणार! रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय याच प्रश्नाने उघडतो.

हा प्रश्न आजही आपल्या मंडळ्यांमध्ये दोन तोंडांनी बोलतो. एक तोंड म्हणतं, "प्रभू क्षमा करणारा आहे, एवढं मनाला लावून कशाला घ्यायचं?" रविवारी सगळ्यांबरोबर पापकबुलीची प्रार्थना म्हटली, प्रभुभोजन घेतलं, की मागचा आठवडा फिटला. सोमवारी दुकानातल्या दोन वह्या पुन्हा दोनच राहतात आणि भावाशी धरलेला अबोलाही तसाच राहतो. दुसरं तोंड याच ढिलाईला घाबरून बोलतं, "फुकट मिळालं की माणसं सोकावतात. आधी सुधारून दाखवा, मग क्षमेचं बघू." एकाला कृपा सोयीची वाटते, दुसऱ्याला धोक्याची. दोघांची समजूत मात्र एकच आहे : कृपा म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट. तसं मानलं की सूट कुणाला आणि किती द्यायची, एवढाच वाद शिल्लक राहतो.

पौल दोघांनाही ठाम नकार देतो. कृपेत तो काटछाट करत नाही आणि पापाला वाटही मोकळी करून देत नाही. तो विश्वासणाऱ्यांना एक घडून गेलेली गोष्ट सांगतो : तुमचा धनी बदलला आहे. बाप्तिस्म्यात तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेलात, पुरले गेलात आणि नव्या जीवनात चालण्यासाठी उठलात. मेलेल्या माणसावर जुन्या धन्याची सत्ता चालत नाही.

हे पत्र इसवी सन ५७ च्या सुमारास, बहुधा करिंथ शहरात लिहिलं गेलं. पौलाने सांगितलं आणि तर्तियसने लिहून घेतलं. करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची सेविका फिबी ते घेऊन रोमला गेली असावी. रोममध्ये ते ज्यांच्यासमोर वाचलं गेलं, त्यांच्यात दास होते आणि दास्यातून सुटलेलेही होते. शेवटच्या अध्यायात पौल ज्यांना नावं घेऊन सलाम सांगतो, त्यांतली कित्येक नावं दासवर्गात रूढ होती, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे मालक, मालकी, सुटका हे विषय त्या श्रोत्यांनी ग्रंथांत वाचलेले नव्हते. ते त्यांनी अंगावर सोसलेले होते. धनी बदलणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नसेल.

आपल्याकडे शेतावरचा सालगडी पाडव्याला साल धरतो आणि पुढच्या पाडव्याला ते संपतं. पण धन्याकडून घेतलेली उचल फिटली नाही, तर तोच वाडा आणि तीच दावण नशिबी येते. समजा, कुणीतरी त्याची सगळी उचल एकरकमी फेडली आणि त्याला आपल्या घरी आणलं. आता जुन्या धन्याचा त्याच्यावर एका पैशाचाही हक्क नाही. तरी पहाटे त्या वाड्यातून हाक आली, की हा अंथरुणात दचकून उठून बसतो. पाय आपोआप चपला शोधतात. कर्ज फिटलं तरी अंगवळणी पडलेली सवय एका रात्रीत जात नाही. अशा वेळी नवा धनी त्याला घट्ट बांधून ठेवणार नाही, आणि "जाऊन ये, आपलं देणं तर फिटलंच आहे" असंही सांगणार नाही. तो म्हणेल, "तू आता तिथला नाहीस. झोप. सकाळी आपल्या शेतावर जायचंय."

विश्वासी जीवनाचा बराचसा भाग हाच आहे : जुनी हाक ऐकू येणं, आणि ती आपल्या धन्याची नाही हे ओळखून जागचं न हलणं. पापापासून मुक्ती मिळाली म्हणजे मोह संपले, असं पौल म्हणत नाही. पाप राज्य करू शकत नाही, असं तो म्हणतो. मोह दाराशी येईल, ओरडेल, पण हुकूम सोडण्याचा त्याचा अधिकार गेलेला आहे. हे कळलं की लढाईची जागा बदलते. आपण सुटकेसाठी लढत नसतो. सुटका झालेली आहे, म्हणून लढत असतो.

हा क्रम आयुष्यात उतरायला वेळ लागतो. पंडिता रमाबाईंनाही तो लागला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्या रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींचं एक काम लंडनच्या फुलहॅम भागात चाले. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी तिथे घर होतं. रमाबाईंनी तिथे अशा स्त्रिया पाहिल्या, ज्या एकेकाळी त्या घरात आश्रयाला आल्या होत्या आणि आता स्वतःच आजारी, दुबळ्या माणसांची सेवा करत होत्या. धर्मशास्त्रांचा अभ्यास केलेल्या रमाबाईंना अशा स्त्रियांसाठी सांगितलेला दंड ठाऊक होता. त्यांच्यासाठी घर असू शकतं, हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. ख्रिस्ती लोक हे कशामुळे करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

त्या गोष्टीतला क्रम पाहण्यासारखा आहे. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एक बाई एकटीच पाण्याला आली आहे. तिचे पाच नवरे झाले आहेत आणि आता ती ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. येशूला हे सगळं ठाऊक आहे. तरी तो पहिल्यांदा उपदेश करत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी माणसाला शोमरोनी हातचं पाणी चालत नव्हतं. 'हातचं पाणी न चालणं' म्हणजे काय, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. आपल्या गावांनी पाणवठे वाटून घेतलेले आहेत. पण इथे देवाचा पुत्र तहानलेला बसला आहे आणि जिच्या हातचं कुणी घेणार नाही तिच्याकडे हात पसरतो आहे. जिवंत पाण्याचं देणं तो तिच्यापुढे ठेवतो ते तिच्या घराची गोष्ट निघण्याआधी. मग ती गोष्टही निघते. तो ती झाकत नाही, आणि ती काढून तिला खालीही पाडत नाही. उलट, देवाची खरी उपासना कशी असते हा गहन विषय तो तिच्याशीच बोलतो. शेवटी घागर तिथेच टाकून ती गावात जाते आणि ज्यांच्या नजरा चुकवत होती त्यांनाच बोलावून आणते.

तिथे आधी सुधारणा आणि मग स्वीकार असा व्यवहार झाला नाही. आधी स्वीकार झाला, मग सत्य बोललं गेलं, आणि मग बाई बदलली. सत्य वगळलं असतं तर ती दया वरवरची ठरली असती. स्वीकार वगळला असता तर ते सत्य दगडासारखं लागलं असतं.

रमाबाईंच्या मनात ही गोष्ट खोल रुजली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पण त्यांची कहाणी तिथे संपत नाही. पुढे १९०७ मध्ये दिलेल्या आपल्या साक्षीत त्या फार प्रामाणिकपणे सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त स्वतः सापडलेला नव्हता. ती वर्षं काही रिकामी गेली नव्हती. त्या काळात त्यांनी चेल्टनमच्या महिला विद्यालयात संस्कृत शिकवलं, अमेरिकेत व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. बिशपांशी आणि भगिनींशी त्या सिद्धान्तांवर परखड वाद घालत होत्या. बुद्धी पटली होती, काम उभं राहिलं होतं, बाप्तिस्मा झालेला होता. पापाचं ओझं मात्र उतरलं नव्हतं.

रमाबाईंसारख्या स्वाभिमानी बाईला काय अवघड गेलं असेल? आईवडिलांना आणि बहिणीला दुष्काळात गमावलेली, पुढे भाऊही गेलेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य आलेलं, तरी कुणापुढे न वाकलेली ही बाई. अशा माणसाला कष्ट करणं सोपं असतं. रिकाम्या हाताने घेणं अवघड असतं. देवापुढे उभं राहताना आपली विद्या, आपली सेवा, आपला प्रामाणिकपणा यांतलं काहीतरी हातात असावंसं वाटतं. तेही बाजूला ठेवावं लागतं हे त्यांना उमगलं, आणि लायक होईपर्यंत थांबण्याचं सोडून त्यांनी आहे तसं स्वतःला ख्रिस्ताच्या हाती दिलं. आपल्यांतल्या अनेक जुन्या ख्रिस्ती घराण्यांना ही साक्ष चटका लावणारी आहे. आजोबांनी मंडळी उभारली, वडील पंचकमिटीत होते, आपण रविवारशाळेत शिकलो. यातलं काहीही कमी मोलाचं नाही. पण यातलं काहीही कृपेच्या जागी बसू शकत नाही.

कृपा अशी फुकट मिळाली म्हणून रमाबाई हातावर हात ठेवून बसल्या का? इथेच पौलाच्या विरोधकांना जिवंत उत्तर मिळतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार, वाटेवर कुणाच्याही हाती सापडतील अशा मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावच्या माळावर त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं, विहिरी खणल्या, शेती केली. अंध स्त्रियांसाठी तिथे बार्तीमी सदन होतं, म्हाताऱ्या आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन. आणि लोकांनी ज्यांना 'बिघडलेल्या' म्हणून टाकलं होतं त्या स्त्रियांसाठी जे घर उघडलं, त्याचं नाव ठेवलं कृपासदन.

त्या घराला सुधारगृह म्हटलं असतं तरी सरकारदरबारी कुणाची तक्रार नसती. पण मग दारातून आत येणाऱ्या बाईला आपण काय आहोत हे पाटीनेच सुनावलं असतं. कृपासदन म्हटल्यावर ती पाटी तिच्याविषयी काही बोलत नाही. घर कुणाचं आहे तेवढं सांगते.

आत मात्र आराम नव्हता. मुक्तीमध्ये मुली वाचायला शिकत, माग चालवत, दळत, शिवत, शेतात राबत. पौल त्याच सहाव्या अध्यायात सांगतो, की तुमचे अवयव पापाच्या हाती हत्यारं म्हणून देऊ नका, ते देवाच्या हाती द्या. हे वचन केडगावात बोटांनी पाळलं गेलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं. त्याचे खिळे जुळवणं आणि छपाई हे काम मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या मुलींनी आणि स्त्रियांनी केलं. ज्यांचं जगणं जगाने निकालात काढलं होतं, त्यांच्या हातांनी देवाचं वचन एकेका अक्षराने जुळलं. १९२१ मध्ये रमाबाईंची मुलगी आणि कामातली सोबतीण मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये. आठ वर्षांच्या शोधानंतर कृपा उमगली आणि त्यापुढची तीस वर्षं त्यांनी त्या कृपेच्या मागोमाग चालण्यात घालवली. विश्वासूपण हे असं असतं. उजळलेला एखादा क्षण लोकांना सांगता येतो. त्यानंतरचे हजारो सोमवार फक्त जगावे लागतात.

आणि या सोमवारांमध्ये आपण पडतो, हेही खरं. पेत्राकडे पाहा. कोंबडा आरवण्याआधी त्याने तीनदा प्रभूला नाकारलं. पुढे सरोवराच्या काठी प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारलं आणि तिन्ही वेळा त्याला आपली मेंढरं सांभाळायला दिली. परीक्षेचा काळ ठरवला नाही, लगेच काम दिलं. एवढी कृपा मिळालेला हा पेत्र पुढे अंत्युखियात पुन्हा घसरला. परराष्ट्रीय बंधूंबरोबर तो जेवत होता, पण यरुशलेमेकडचे लोक आल्यावर त्यांच्या भीतीने पानावरून बाजूला झाला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, आणि गलतीकरांस पत्रात ते लिहूनही ठेवलं. अंत्युखियातलं ते पाप म्हणजे आपल्या भाषेत सरळसरळ पंक्तिभेद. पाप म्हटलं की आपल्याला दारू, जुगार, परस्त्री एवढंच आठवतं. पौलाला जेवणाच्या पंगतीतही शुभवर्तमानाशी बेइमानी दिसली.

मराठी ख्रिस्ती माणसाने इथे थोडं थांबावं. प्रभुभोजनाच्या मेजाशी आपण एका प्याल्याचे वाटेकरी होतो आणि सोयरीक ठरवताना मूळची जात हळूच विचारतो. ही जुन्या वाड्यावरून येणारी हाकच आहे. तिला 'रीत' म्हणून ओ देत राहिलो, तर पापापासून सुटलेले आहोत असं म्हणण्यात अर्थ काय?

म्हणून आजच्या दिवसासाठी तीन साध्या गोष्टी. सकाळी उठल्यावर पहिला संकल्प करण्याआधी आपण कुणाचे आहोत हे आठवावं. संकल्प दुपारपर्यंत मोडतो, मालकी मोडत नाही. मग एक अवयव नेमका निवडून आजच्यापुरता देवाच्या हाती द्यावा. कुणाची जीभ असेल, जी घरच्यांशी बोलताना धारदार होते. कुणाचे डोळे असतील, जे रात्री मोबाइलवर नको तिथे रेंगाळतात. कुणाचा हात असेल, जो बिलात एखादा आकडा वाढवतो. "माझं सगळं जीवन तुझं" असं गाणं सोपं आहे, कारण सगळं म्हटलं की नेमकं काहीच द्यावं लागत नाही. आणि तिसरं : ज्याच्याविषयी मंडळीत कुजबुज चालते अशा एका माणसाच्या घरी जावं. तुरुंगातून परत आलेला असेल, व्यसनातून उठू पाहणारा असेल, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली असेल. उपदेश पाठ करून जाऊ नये. बसावं, आणि त्यांच्या हातचं पाणी मागून घ्यावं.

संध्याकाळी हिशेब करताना कुठे पडलो ते प्रभूला स्पष्ट सांगावं. योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो, की आपण पापं कबूल केली तर क्षमा करायला तो विश्वासू आहे. आपल्या विश्वासूपणाचा पाया त्याचा विश्वासूपणा आहे, हे एकदा ध्यानात आलं की पडणाऱ्याला लपावं लागत नाही आणि उभा असलेल्याला फुशारकी मारता येत नाही.

प्रार्थना : प्रभू येशू, तू माझी सुटका केली आहेस, जुनी हाक आली की मला तुझा आवाज ओळखू दे. ज्या पापाला मी अजून सवय किंवा रीत म्हणून पोसतो, त्याचं नाव मला आज तुझ्यासमोर घेता येऊ दे. माझी जीभ, माझे डोळे, माझे हात तुझ्या कामी लाव. आणि तू मला कसलीही अट न घालता घरात घेतलंस, तसं या आठवड्यात मी ज्याला दारातच थांबवलं आहे त्याला आत घेण्याचं धैर्य मला दे. आमेन.